जीपच्या खोलीत वाकळा

आमच्या लातूरच्या घराला रस्त्याच्या बाजूनं ११ बाय १८ फुटांचं गॅरेज आहे. मामंजींनी १९९६ साली घर बांधलं तेव्हा जीपसाठी केलेलं. ते गेल्यावर २०२१ मध्ये जीप विकली आणि त्या जागेत सोयाबीनची पोती, मोडका कूलर, तुटकी बाज आणि उंदीर राहायला आले. मी मात्र स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीच्या मध्ये वाकळा, म्हणजे जुन्या साड्यांचे थर घालून केलेल्या गोधड्या, शिवत होते. वाकळ अंथरायला निदान आठ बाय आठ फूट मोकळी जमीन लागते. दुपारी सगळे पांगले की अंथरायची, चार वाजता मुलगी शाळेतून आली की गुंडाळायची. अर्धे टाके घातलेली वाकळ गुंडाळली की आतल्या साड्यांचे थर सरकतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा ताणून टाचण्या लावा. अशी चार वर्षं गेली.

२०२३ च्या दसऱ्याला ठरवलं की गॅरेज नीट करायचं. पहिली वाकळ तिथं अंथरली २०२४ च्या अक्षय्य तृतीयेला, १० मे रोजी. मधल्या साडेसहा महिन्यांत मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते सगळं इथं लिहून ठेवते आहे. भाव लातूरचे आणि त्या वेळचे आहेत.

दिवाळीच्या साफसफाईत गॅरेज रिकामं केलं. एवढ्या एका कामाला तीन रविवार लागले, कारण प्रत्येक वस्तू बाहेर काढताना घरात चर्चा होते. रिकामं झाल्यावर खरी अवस्था दिसली. शटरच्या चौकटीला वाळवी, भिंतींना खाली दोन-अडीच फुटांपर्यंत लोणा (ओलीनं फुटणारा खार), वर पत्रे, आणि मागच्या कोपऱ्यात शहाबादी फरशी चांगली चार बोटं खचलेली. मी मनात रंग आणि दोन ट्यूबलाइट एवढाच हिशेब धरला होता. त्या रात्री ह्यांना म्हणाले, राहू द्या, नको हे. ते म्हणाले, आधी कुणाला तरी दाखवू, मग नको म्हणू.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओळखीतल्या परवानाधारक इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी पाहणीचे ५०० रुपये घेतले आणि सगळ्यात आधी घराचा मंजूर नकाशा मागितला. तो आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, ट्रंकेत लुगड्यांच्या खाली सापडला. नकाशात ही जागा वाहनासाठी दाखवलेली आहे. इंजिनिअरांनी स्पष्ट सांगितलं की फरशी, गिलावा, रंग ही दुरुस्ती झाली, पण वाहनाची जागा कायमची बंद करून तिथं खोली किंवा दुकान काढायचं तर रीतसर परवानगी लागते. घरच्या माणसानं घरात बसून करायच्या कामाला बांधकाम नियमावलीत मुभा आहे, तिच्या अटीही त्यांनी वाचून दाखवल्या: पगारी मजूर नको, बाहेर पाटी नको, शेजाऱ्यांना त्रास नको, आणि यंत्रशक्ती वापरली तर तिचा वीजभार ०.७५ किलोवॅटच्या वर नको.

या पाच मिनिटांनी माझा सगळा आराखडाच बदलला. दोन मोटारीच्या शिलाई मशिनी घ्यायच्या मनात होतं, ५५० वॅटची एकच घ्यायची ठरवली. जुनी पायमशीन आहेच. शटर काढून भिंत घालायचा विचार सोडला. आत काहीही पक्कं बसवायचं नाही, टेबल चाकांचं करायचं, म्हणजे उद्या गाडी आत घ्यायची वेळ आली तर घेता येईल. खिडकीचं कामही त्यांनी नकाशावर आखून दिलं आणि महापालिकेत विचारून घेतल्यावरच हात लावा म्हणाले. तसंच केलं. तुमच्या गावात आणि तुमच्या नकाशात वेगळं निघू शकतं, म्हणून गवंडी बोलावण्याआधी नकाशा शोधा.

त्याच महिन्यात कागदांचं काम काढलं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करायची होती. एका एजंटनं १,५०० रुपये सांगितले. नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे, हे मला भाचीमुळे कळलं. आम्ही दोघी बसलो आणि अडकलो, कारण माझ्या पॅनकार्डावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. लग्न झालेल्या कितीतरी जणींचं हे असंच असतं आणि गरज पडेपर्यंत लक्षात येत नाही. १८ डिसेंबरला विवाह नोंदणीचा दाखला जोडून पॅनच्या दुरुस्तीचा अर्ज केला, फी १०७ रुपये. नवं कार्ड ९ जानेवारीला टपालानं आलं. मग उद्यमचा अर्ज वीस मिनिटांत भरून झाला. आधारला जोडलेला मोबाइल मात्र हाताशी हवा, ओटीपी त्यावरच येतो.

पीएम विश्वकर्मा योजनेचीही चौकशी केली. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत अठरा व्यवसायांमध्ये शिंपीकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजानं पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज मिळतं. पण सरकारी नोकरीत असलेल्याच्या कुटुंबाला ती लागू नाही आणि हे जिल्हा परिषदेचे शिक्षक आहेत. माझा विषय तिथंच संपला, पण तुमच्या घरात तसं नसेल तर जरूर विचारा.

गवंडीकाका जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येऊन पाहून गेले. मी म्हणत होते की खचलेल्या कोपऱ्यातल्या फरश्या उचलून खाली वाळू भरा आणि परत बसवा. त्यांनी पहारीनं एक फरशी उचलली, खालची माती हातात घेतली आणि म्हणाले, "वैनी, काळी माती हाय ही. पावसाळ्यात फुगतीय, उन्हाळ्यात चिरतीय. वरून कितीबी मलम लावा, दोन वर्षांत परत मलाच बोलवताव." मराठवाड्यात शेताला जी माती सोनं, ती घराखाली वैरीण. उपाय एकच होता: पूर्ण फरशी काढायची, दीड फूट काळी माती उपसायची, मुरूम थराथरानं भरून पाणी मारून धुम्मस करायची, वर चार इंचांचं काँक्रीट आणि मग फरशी. खर्च ३८,४०० रुपये. माझं सगळं बजेट ९०,००० चं होतं. दोन रात्री झोप लागली नाही. शेवटी हो म्हटलं, कारण वाकळ ज्या जमिनीवर अंथरायची तीच वाकडी राहिली तर बाकीच्या खर्चाला काही अर्थ नव्हता.

काम ११ जानेवारीला सुरू करू म्हणून मीच तारीख सुचवली. गवंडीकाका माझ्याकडे बघतच राहिले. त्या दिवशी येळवस. लातुरात वेळ अमावस्येला कोण कामावर येणार, सगळं शहर शेतात पूजेला. आम्हीही गेलोच, भज्जी-आंबिल खाल्ली, कडब्याच्या कोपीपुढं हात जोडले. काम १३ तारखेला सुरू झालं.

माती उपसली तेव्हाच पायाच्या कडेनं आणि चौकटीत वाळवीचं औषध मारून घेतलं, ३,२०० रुपये. हे काँक्रीटच्या आधीच करायचं, नंतर जमिनीला भोकं पाडावी लागतात. औषध मारलं त्या दिवशी मुलीला मावशीकडे पाठवलं होतं.

काँक्रीट पडल्यावर त्याला पाणी कुठून आणायचं हा प्रश्न आला. आमच्याकडे नळ रोज येत नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे शहर आहे, इथं सिमेंटवर बादल्या ओतताना हात अडखळतो. गवंडीकाकांनी सांगितलं तसं गोणपाटं भिजवून काँक्रीटवर पसरली आणि कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी गाळून सकाळ-संध्याकाळ त्यांवर शिंपडलं. साबणाचं पहिलं पाणी नाही घ्यायचं. वरून जुनं प्लास्टिक झाकलं की ओल टिकते. दहा दिवस असं केलं. अजून एकही तडा नाही.

नव्या फरशीसाठी पुन्हा शहाबादीच घेतली, पॉलिश केलेली. टाइल्स घ्या असं सगळे म्हणत होते. पण गुळगुळीत टाइलवर अस्तर सरकतं, आणि उन्हाळ्यात शहाबादीचा गारवा बसणारीलाच कळतो.

फेब्रुवारीत खिडकी. गॅरेजला एकही खिडकी नव्हती. उत्तरेच्या भिंतीत करायची हे माझं पक्कं होतं, उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, दोऱ्याचा रंग खरा दिसतो. आमचं घर किल्लारीच्या भूकंपानंतर तीन वर्षांनी बांधलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर या भागात ज्यांनी घरं बांधली त्यांच्या मनात भीती ताजी होती. मामंजींनी सगळ्या भिंतींवरून दारं-खिडक्यांच्या डोक्याच्या उंचीवर सलग काँक्रीटचा पट्टा फिरवून घेतला होता, जीपच्या खोलीलासुद्धा. विटांच्या भिंती हादऱ्यात एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून तो असतो. इंजिनिअरांनी बजावलं होतं की खिडकी फोडताना पट्ट्याला छिन्नी लागता कामा नये, आणि भिंतीच्या कोपऱ्यापासून दोन फूट सोडा. फोडायच्या दिवशी मी स्टूल टाकून तिथंच बसून राहिले. पट्टा दिसला तेव्हा त्याच्यावर हात ठेवला. मामंजी कमी बोलायचे. त्यांची काळजी अशी भिंतीत सापडली.

खिडकीच्या उंचीचं श्रेय आत्याबाईंचं. गवंडीकाकांनी रिवाजाप्रमाणे जमिनीपासून तीन फुटांवर खूण केली. आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मला म्हणाल्या, "ही खिडकी उभ्या माणसासाठी करायलीस का बसल्या बाईसाठी?" मी खाली मांडी घालून बसले. खूण माझ्या डोळ्यांच्या वर होती. उजेड डोक्यावरून जाऊन समोरच्या भिंतीवर पडला असता, हातातल्या सुईवर नाही. मग तळ दीड फुटावर आणला. गवंडीकाका म्हणाले, "इतकी खाली खिडकी कुठं असतीय का?" पण केली. चार फूट रुंद, लोखंडी गज आणि बारीक जाळी. खिडकी खाली असली की जाळी हवीच, साप-विंचवाचा भाग आहे आपला. गावाकडच्या जुन्या वाड्याची सागवानी चौकट पडून होती ती कापून वापरली, तरी १४,५०० लागले.

वीज. घराचा मंजूर भार १ किलोवॅट होता. इस्त्री, मशीन, कूलर धरून ३ किलोवॅटचा अर्ज केला ५ फेब्रुवारीला, ऑनलाइन. वायरमनला सरकारी परवाना आहे का ते आधीच विचारा, कारण चाचणी अहवालावर त्याचीच सही लागते. आठवड्यानं कोटेशन आलं, पैसे भरले, २१ तारखेला भार वाढला. माझी खरी भीती दुकानाचा दर लागेल ही होती. वीज कार्यालयातल्या साहेबांनी दरपत्रक काढून दाखवलं: घराच्या एका भागात छोटं काम करणाऱ्याला, महिन्याला ३०० युनिट आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटच्या आत वापर असेल तर घरगुती दरच लागतो. तेव्हापासून मी दर महिन्याचं रीडिंग वहीत लिहिते.

वायरिंगमध्ये काटकसर करू नका एवढंच सांगेन. या खोलीसाठी वेगळी लाइन, वेगळे एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घेतला. धक्का बसला तर तो क्षणात वीज तोडतो. अर्थिंगचा खड्डा बाजूच्या अंगणात खणला, कोळसा आणि मिठाचे थर दिले. आपली जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग कामाचं राहत नाही, म्हणून मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी त्यात दोन बादल्या पाणी ओतायचं असतं. भार वाढवण्याचे पैसे धरून सगळं १९,८०० रुपयांत झालं.

भिंतींचा लोणा लागलेला गिलावा तीन फुटांपर्यंत खरवडून नवा केला, पूर्ण वाळू दिला आणि महिन्यानं रंग मारला, १६,२०० रुपये. रंगवाले आठवड्यातच उरकू म्हणत होते. ऐकलं असतं तर पहिल्या पावसात पापुद्रे निघाले असते.

सगळ्यात जास्त मनस्ताप छताचा. पत्र्याखाली एप्रिल-मे काढणं शक्यच नव्हतं. ठरलं असं: पत्र्यांवर बाहेरून उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात (४,२०० रुपये), पत्र्याखाली चंदेरी फॉइल (४,६००) आणि त्याखाली नऊ इंच जागा सोडून सिमेंट बोर्डाचं छत (१८,८००). मधल्या जागेतली तापलेली हवा निघून जावी म्हणून दोन्ही टोकांना जाळीच्या झडपा. पीव्हीसीच्या पट्ट्या स्वस्त होत्या, पण तापलेल्या पत्र्याखाली त्या वाकतात असं वायरमननं सांगितलं.

छतवाल्याला ४ मार्चला १०,००० रुपये आगाऊ दिले. होळीच्या आधी करतो म्हणाला. होळी गेली, पाडवा गेला. गुढीपाडव्याला, ९ एप्रिलला, नव्या खोलीत पूजा करायची असं मी मैत्रिणींना सांगून बसले होते. फोन उचलत नव्हता. घरात कुणी काही बोललं नाही, आणि त्या न बोलण्याचंच ओझं व्हायचं. घरखर्चाच्या मध्येच मी हे काय काढून बसले असं वाटायचं. शेवटी हे स्वतः त्याच्याकडे गेले, आणि २२ एप्रिलला माणसं आली. काम चार दिवसांचं होतं आणि चांगलं झालं. पण माझी चूक मी सांगते: आगाऊ पैसे देताना कागदावर तारीख लिहून घेतली नव्हती. मालाचे निम्मे पैसे माल दारात आल्यावर द्या, त्याआधी नको.

२५० रुपयांचा तापमापक भिंतीला लावला होता. छत होण्याआधी, १७ एप्रिलला दुपारी तीन वाजता खोलीत ४४ अंश होते. २ मे रोजी त्याच वेळी ३८, आणि कूलर लावल्यावर ३२. शटर पश्चिमेला आहे, ते दुपारनंतर तव्यासारखं तापतं. त्याला आतून माझीच एक जुनी, जाड वाकळ पडद्यासारखी टांगली. त्यानं खूप फरक पडला आणि खर्च शून्य. शटरला तेलपाणी आणि नव्या पट्ट्या करायला मात्र २,८०० गेले.

कापायचं टेबल स्थानिक सुताराकडून करून घेतलं, चार बाय सहा, ९,५००. चाकांना ब्रेक हवेतच हे मुद्दाम सांगा, आमच्या सुतारानं पहिल्यांदा साधी चाकं लावली होती आणि कात्री चालवताना टेबल पुढं जायचं. उंची ३६ इंच ठेवली, कमरेत न वाकता कापता येतं. तुमची उंची वेगळी असेल तर उभं राहून कोपरापासून खाली चार-पाच बोटं मोजा.

अवजारं आणि मशीन सोडून एकूण १,३२,००० रुपये झाले. वाकळांचे साठवलेले ७०,००० माझ्याकडे होते, ५०,००० ची भिशी मी लवकर उचलली, उरलेले ह्यांनी दिले. भिशीचे हप्ते अजून सात महिने आहेत.

१० मे ला सकाळी गंजगोलाईच्या बाजारातून आणलेलं नवं अस्तर अंथरलं. आत आत्याबाईंच्या दोन जुन्या इरकली लुगड्यांचे थर घातले. चारी बाजूंनी ताणलं, टाचलं. कडेनं धावदोऱ्याची पहिली ओळ आत्याबाईंनी घातली, खिडकीपाशी बसून, चष्म्याशिवाय. चार वाजता मुलगी शाळेच्या सुट्टीतला खेळ टाकून आत आली आणि सवयीनं वाकळेचं एक टोक धरून गुंडाळायला लागली. मी म्हटलं, राहू दे, तशीच असू दे. संध्याकाळी शटर ओढलं आणि वाकळ अंथरलेलीच राहिली.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मागच्या बाजूला एक ओला डाग दिसला. वर चढून पाहिलं तर पत्र्याच्या एका स्क्रूचं वॉशर उन्हानं चिरलं होतं. रंग देतानाच सगळी वॉशर बदलायला हवी होती, ते राहून गेलं. आता पाऊस उघडला की बदलायची आहेत, चाळीस आहेत मोजून.

शेजारच्या अक्का परवा वाकळेचे मोजमाप द्यायला आल्या होत्या. उभ्या राहूनच बोलत होत्या, मग खिडकीतून आलेला उजेड फरशीवर बघितला आणि पदर सावरून खाली बसल्या. तासाभरानं उठल्या तेव्हा माझ्या वाकळेच्या दोन ओळी घालून झाल्या होत्या त्यांच्याकडून.